सतरंजीखालचे बारा घोडे

आमच्या साडूंची तीस वर्षं अमेरिकेत मोटारीच्या धंद्यात गेली, पण इंजिनाला त्यांचा हात लागला नाही. ते रबरात होते. मोटारीचं दार लावलं की ‘धप्’ असा भरल्या पोटाचा आवाज यावा, ‘खण्’ असा भांड्याचा येऊ नये, म्हणून दाराच्या कडेने जी रबरी पट्टी असते, तिच्यात त्यांचं तारुण्य खर्ची पडलं. अजूनही कुणाच्या गाडीतून उतरले की ते दार दोनदा लावतात. एकदा बंद व्हावं म्हणून, आणि एकदा ऐकायला.

निवृत्त झाल्यावर माणूस राहून गेलेलं काहीतरी उकरून काढतो. कुणी पेटी शिकतो, कुणी चारधाम करतो. साडूंनी १९६८ सालची शेव्हरोले शेव्हेल मालिबू घेतली. डेट्रॉइटच्या उत्तरेला ट्रॉय नावाचं गाव आहे, तिथे त्यांचं घर. आम्ही उभयता तीन महिन्यांसाठी गेलो, तेव्हा गॅरेजमध्ये ही फिकट हिरवी, दोन दारांची, पसरट गाडी उभी होती, आणि मेहुणीची रोजची गाडी बाहेर उन्हापावसात. घरात कुणाचं काय चाललंय हे एवढ्यावरून कळतं.

साडूंनी बोनेट उचललं. आत व्ही-८, ३०७ घनइंचांचं इंजिन. मला घनइंच कळत नाहीत, म्हणून त्यांनी सीसीत सांगितलं : पाच हजार तीसच्या आसपास. माझं पहिलं वाहन लुना. पन्नास सीसी. म्हणजे शंभर लुना एका बोनेटखाली, आणि पॅडल एकालाही नाही. मी आदराने दोन पावलं मागे सरलो.

‘‘पण ताकद कमी पडते हो,’’ साडू म्हणाले.

बायकोने माझ्याकडे बघितलं. हे वाक्य तिने माझ्या स्कूटरच्या बाबतीत, फ्रिजच्या बाबतीत आणि एकदा सोसायटीच्या पाण्याच्या पंपाच्या बाबतीत ऐकलेलं आहे. त्यानंतर काय होतं, ते तिला ठाऊक आहे.

इथे थोडी वंशावळ सांगायला हवी. मधल्या आकाराच्या, स्वस्तातल्या दोन दारी गाडीत मोठ्या गाडीचं दांडगं इंजिन कोंबायचं, ही तिकडच्या ‘मसल कार’ची पाककृती. तिचं श्रेय बहुतेक लोक १९६४ सालच्या पाँटियाक जीटीओला देतात. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठं इंजिन घालायचं नाही, असा जनरल मोटर्सचा घरचा नियम होता. पाँटियाकवाल्यांनी ३८९चं इंजिन घातलं, आणि ही नवी गाडी नव्हेच, जुन्याच गाडीवर घेता येणारी जादा सोय आहे, असं कागदोपत्री दाखवलं. आपल्याकडे बिल्डर खोलीला ‘ड्राय बाल्कनी’ म्हणतात, तसलाच प्रकार. गाड्या इतक्या खपल्या की मग नियमाची आठवण कुणालाच राहिली नाही.

साडूंची मालिबू या घराण्यातलीच, पण सरळमार्गी शाखेतली. तिचा सख्खा भाऊ म्हणजे शेव्हेल एसएस ३९६; तो ३२५ अश्वशक्तीच्या खाली बोलतच नसे. चेहरा तोच, अंगकाठी तीच. पण थोरला तालमीत गेला आणि धाकटी बँकेत कारकून झाली. २०० अश्वशक्ती, एकच कार्बोरेटर दोन नळ्यांचा, आणि गिअर दोन. पहिला आणि दुसरा. तिसऱ्याची गरज कुणाला वाटली नाही, कारण ही गाडी किराणा आणायला आणि रविवारी चर्चला जायला बनवलेली होती. बँकेत छत्तीस वर्षं काढल्यामुळे माझी सहानुभूती पहिल्या दिवसापासून गाडीच्या बाजूने.

शिवाय ते दोनशे हे दोनशे नव्हेतच. त्या काळी इंजिन बाहेर काढून, टेबलावर मांडून, पंखा नाही, एअर फिल्टर नाही, सायलेन्सर नाही, अशा दिगंबर अवस्थेत त्याची ताकद मोजत आणि तो आकडा जाहिरातीत छापत. १९७२पासून अमेरिकी कंपन्या सगळा संसार जोडून मोजायला लागल्या, आणि एका रात्रीत भल्याभल्या गाड्यांचे घोडे गळाले. मला हे चटकन समजलं. सीटीसी आणि हातात पडणारा पगार. साडूंना मात्र हे तीनदा समजावून सांगावं लागलं, कारण ते ज्याच्या जिवावर दोनशे म्हणत होते, तो सीटीसी होता.

त्यात उलटी गंमतही आहे. काही गाड्यांचे आकडे कंपन्या मुद्दाम कमी सांगत. पहिल्या कॅमेरो झेड-२८ची ताकद २९० लिहिलेली असे आणि ती त्याहून जास्त आहे हे सगळ्या गावाला माहीत असे. विमेवाल्यांना एक आकडा, शर्यतीच्या मंडळाला एक, शेजाऱ्याला तिसरा. मुलाचा पगार वधूपक्षाला निराळा आणि इन्कम टॅक्सला निराळा सांगणाऱ्या समाजातला मी; मला त्या काळच्या अमेरिकेबद्दल एकदम आपुलकी वाटली.

तर ताकद वाढवायची, एवढं ठरलं. कशी, यावर संध्याकाळी गॅरेजमध्ये सभा भरू लागली. घडीच्या चार खुर्च्या, एक बर्फाची पेटी, भिंतीला टेकलेला साडूंचा जुना क्रिकेटचा पाय-पॅड (कशासाठी, ते मी विचारलं नाही). शेजारचा म्हातारा मोटारीच्या कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर राबलेला. त्याचं मत चार शब्दांचं : हे फेक, ३५० बसव. मूळ ठोकळा एकाच घराण्यातला, बाहेरून मापं तीच. जुनं काढलं की नवं त्याच बोल्टांवर बसतं, आणि नवंकोरं तयार इंजिन खोक्यात घालून घरपोच मिळतं. कोपऱ्यावरचा दाढीवाला पाव मैलाच्या शर्यती धावलेला. तो कॅमशाफ्टशिवाय दुसरं बोलत नसे. आणि भाचा. तो विजेच्या मोटारींचं काम करतो. तो रोज सात वाजता घरी येई, आवाज न करता गाडी लावी, सभेकडे बघे आणि ‘‘बाबा, अजून पेट्रोलच का?’’ एवढं बोलून आत जाई. त्याची बिनआवाजाची गाडी सिग्नलवरून अशी सुटते की माझा चष्मा कपाळाला चिकटला होता. पण तिचं बोनेट उघडलं तर आत रिकामी डिकी. सभेला खुर्च्या मांडायला तिथे जागाच नाही.

मी सुरुवातीला नुसता ऐकत होतो. पण हे सगळं कुठेतरी आधी ऐकल्यासारखं वाटत होतं, आणि चौथ्या दिवशी लख्ख आठवलं : खेड तालुक्यातलं माझं आजोळ. मामांचा बैलगाडा होता. आमच्या भागात गाड्याला बैल चार आणि सगळ्यांच्या पुढे स्वार बसवलेली घोडी पळते. म्हणजे अश्वशक्ती नेमकी एक, बाकी सगळी बैलशक्ती. घाटात गाडा सुटला की निकाल सेकंदांवर. आणि वर्षभर ओट्यावर हीच चर्चा. बैलाला अंडी किती, दूध किती, खारीक द्यावी की उडीद, जोडीला कोणता बैल लावावा. मामी एकदा म्हणाली होती, ‘‘पोराला कधी विचारलं का, जेवलास का म्हणून?’’ तेव्हा मामा म्हणाले, ‘‘पोरगं घाटात पळणारे का?’’ ट्रॉयच्या गॅरेजमध्ये भाषा निराळी होती. खारकेच्या जागी कॉम्प्रेशन होतं, एवढाच फरक.

आता एकेक खारीक पाहू.

पहिली पायरी धुराच्या वाटेची. इंजिनातून धूर बाहेर पडायला जी ओतीव लोखंडी सामायिक नळी असते, ती काढून त्या जागी प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी. दिसायला सुरेख, जिलबीसारखा गुंता. श्वास मोकळा होतो, ताकद वाढते, हे खरं. पण नळी प्लगच्या वायरीला टेकली की वायर वितळते, आणि प्लग बदलायला माणसाच्या हाताला मनगटानंतर आणखी एक सांधा लागतो.

दुसरी पायरी कार्बोरेटर. इथे माझं साडूंशी पहिलं भांडण झालं. त्यांना चार नळ्यांचा, मिनिटाला ७५० घनफूट हवा ओढणारा हवा होता. मी किराणामालाच्या पावतीमागे हिशेब मांडला. ३०७ घनइंच, जास्तीत जास्त ५००० फेरे. घनइंचांचे घनफूट करायला १७२८ने भागायचं. इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच श्वास घेतं, म्हणून आणखी दोनने. उत्तर ४४४. तेही सिलिंडर काठोकाठ भरले तर, आणि या वयात ते भरत नाहीत. पाचशेचा घेतला तरी उरेल. मोठ्या तोंडाचा कार्बोरेटर लहान इंजिनावर बसवला तर कमी वेगात त्यातून हवा रेंगाळत जाते, पेट्रोल नीट ओढलं जात नाही, आणि पाय दाबला की गाडी आधी ठसका देते, मग विचार करते, मग निघते.

साडूंनी पावती वाचली. उलटून कोथिंबिरीचा भाव बघितला. म्हणाले, ‘‘भाऊ, गणित बरोबर आहे. पण पाचशे म्हणजे सांगायला कसं वाटतं?’’

मला त्या क्षणी सगळा मामला उलगडला. कार्बोरेटर इंजिनावर बसतोच, पण त्याआधी तो वाक्यात बसावा लागतो.

तिसरी पायरी कॅमशाफ्ट, आणि इथे दाढीवाला खुर्ची पुढे ओढी. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाचा मुकादम. कोणता व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती उघडायचा, किती वेळ उघडा ठेवायचा, हे त्याच्यावरचे उंचवटे ठरवतात. शर्यतीचा मुकादम हवा आत यायचं दार आणि धूर जायचं दार काही क्षण एकदमच उघडी ठेवतो. दादरला संध्याकाळी उतरणारे आणि चढणारे एकाच दारातून एकाच वेळी जातात ना, तसं. गर्दीच्या वेळी हे झकास चालतं, बाहेर पडणारा लोंढा आतल्या जागेत पुढच्यांना ओढून घेतो. पण दुपारी दोन वाजता, गाडी रिकामी असताना, तीच तऱ्हा चालवली तर चढलेलाही चुकून उतरून जातो. म्हणून मोठ्या कॅमचं इंजिन उभ्या गाडीत नीट चालत नाही. अडखळतं, हुंदके देतं, गाडीचं अंग थरथरतं. दाढीवाल्याने तोंडाने तो आवाज काढून दाखवला : ‘‘धड्-धड्... धडक्... धड्-धड्-धडक्...’’ साडूंनी डोळे मिटले होते. किशोरीताईंचा खर्ज लागल्यावर मिटावेत, तसे.

मला तो आवाज ओळखीचा वाटला. आजोळी पिठाची गिरणी होती, ऑइल इंजिनावर चालणारी. तिच्या धुराड्याच्या तोंडावर डबा बसवलेला असे, म्हणजे सगळ्या गावाला कळावं की गिरणी चालू झाली, दळण आणा. पुक्-पुक्... पुकुक्. हुबेहूब हाच ठेका. मी तसं सांगितलं. सभेला ते आवडलं नाही.

शिवाय मोठा कॅम एकटा येत नाही. लग्नात मुलगी एकटी येते का? व्हॉल्व्हच्या कडक स्प्रिंगा त्याच्याबरोबर. तो खालच्या फेऱ्यांत मरगळलेला असतो, म्हणून गिअरबॉक्सचा टॉर्क कन्व्हर्टर बदला. तो बदलला की गिअरबॉक्स तापतो, त्याला वेगळा कूलर. कॅमला वर पळायला आवडतं, म्हणून मागचा डिफरन्शियल बदला. इंजिन जास्त पेट्रोल मागतं, पंप मोठा. जास्त तापतं, रेडिएटर मोठा. एवढं झाल्यावर कुणाला तरी आठवतं की चारही चाकांना ब्रेक ड्रमचे आहेत, १९६८ सालचे, आणि पळायची सोय झाली तशी थांबायचीही करायला हवी. बस्ता बांधायला गेलेला माणूस शेवटी मांडववाल्याच्या दारात उभा असतो, तसं हे. आणि जुन्या पद्धतीचा कॅम नवा बसवला की पहिल्यांदा इंजिन सुरू होताच त्याला उसंत न देता वीस मिनिटं दोन हजार फेऱ्यांवर गर्जत ठेवावं लागतं, नाहीतर उंचवटे घासून सपाट होतात आणि सगळा खर्च तेलात जातो. शब्दशः तेलात. चुरा तेलातच सापडतो.

नायट्रसचंही एकदा निघालं. बाटलीतला नायट्रस ऑक्साइड इंजिनात सोडला की त्यातला ऑक्सिजन जास्तीचं पेट्रोल जाळतो आणि काही सेकंद गाडीला झपाटतो. हाच तो दंतवैद्याकडचा हसवणारा वायू. इतक्या गंभीर सभेत हसवायला बाटली लागावी याचं मला नवल वाटलं नाही.

सगळं ऐकून मी एक गोष्ट सुचवली, जी मी घरातल्या एका जुन्या रिपेअरच्या पुस्तकात वाचली होती. (ते पुस्तक मेहुणीने साडूंना वाढदिवसाला दिलं होतं, पण त्यांनी ते उघडलं नव्हतं.) डिफरन्शियलचं दात-प्रमाण बदललं तर इंजिनातून एकही घोडा न वाढता गाडी चपळ होते. सायकलचं मागचं चक्र मोठं केल्यासारखं. खर्च त्यातल्या त्यात कमी. पण आधी आहे ते प्रमाण कळायला हवं.

ते मोजायची रीत इतकी साधी आहे की मला बँकेची आठवण झाली. मागचं एक चाक जमिनीवर, दुसरं उचललेलं आणि खाली भक्कम ठोकळे. गिअर न्यूट्रल. उचललेलं चाक दोन पूर्ण फेरे फिरवायचं आणि मधला लांब शाफ्ट किती फिरला ते गाडीखाली झोपून मोजायचं. त्यासाठी शाफ्टवर खूण हवी. खडू सापडेना. शुक्रवार होता, मेहुणी देवापाशी होती. मी तिच्याकडून चिमूटभर कुंकू आणलं, तेलात कालवलं, आणि वयाच्या सहासष्टाव्या वर्षी अमेरिकेच्या भूमीवर उताणा पडून एका अमेरिकन शाफ्टला कुंकू लावलं.

साडू चाक फिरवू लागले. लाल ठिपका डोळ्यांपुढून गेला. एक. वरून साडूंच्या दमण्याचा आवाज. दोन. कुंकवाचा एक थेंब चष्म्यावर. तीन. आणि ठिपका चिमूटभर पुढे सरकून थांबला, तेवढ्यात चाकाचे दोन फेरे पुरे झाले. म्हणजे तीनला जरासं वर : ३.०८. मेहुणी दारात आली होती. माझे दोन पाय तेवढे बाहेर दिसत होते. ‘‘भाऊजी,’’ ती म्हणाली, ‘‘आता ओवाळायचं पण आहे का?’’

३.०८च्या जागी ३.७३ घातला तर सिग्नलवरून गाडी उडी घेईल. पण तिच्याकडे गिअर दोनच; हमरस्त्यावर सत्तर मैलांच्या वेगाला इंजिन आज २८०० फेऱ्यांवर निवांत असतं, ते ३४००वर कोकलत राहील. म्हणजे मग चार गिअरचा नवा गिअरबॉक्स. बस्ता पुन्हा सुरू. सभेने माझ्याकडे, ‘बघा, तुम्हीही शेवटी आमच्यातलेच’ अशा नजरेने पाहिलं.

शेवटी म्हाताऱ्याने शहाणपणाची गोष्ट काढली. आधी आहे किती ते तर मोजा. म्हणून एका मंगळवारी आम्ही गाडी घेऊन डायनोवर गेलो. डायनो म्हणजे जमिनीत बसवलेले जाड रूळ. गाडीची मागची चाकं त्यांवर ठेवायची, गाडी पट्ट्यांनी करकचून बांधायची आणि जागच्या जागी पळवायची. चाकापर्यंत किती ताकद पोचते ते संगणक दाखवतो. गिअरबॉक्स, शाफ्ट, डिफरन्शियल प्रत्येकजण आपला हिस्सा मधल्या मध्ये काढून घेतो, त्यामुळे हा आकडा आणखी खाली येतो. सीटीसी झाला, हातातला पगार झाला. हा म्हणजे हप्ते कापून महिनाअखेरीला खात्यात उरलेला.

गाडी गरजली. खोलीतल्या कॅलेंडरची पानं उडाली. पडद्यावर रेघ चढत गेली, वाकली, थांबली. १०९.

साडूंचा चेहरा बघवेना. दोनशेचे एकशे नऊ. म्हातारा ‘‘तीनशे पन्नास’’ एवढंच पुटपुटला. ते इंजिनाचं नाव होतं, पण सांत्वनासारखं वाटलं. डायनोवरचा पोरगा, अंगभर गोंदलेला, बावीस-तेवीसचा, गाडीत डोकावला. त्याने ॲक्सिलरेटर हाताने दाबला आणि मला म्हणाला, पुढे जाऊन कार्बोरेटरच्या तोंडात बघा. मी बॅटरी लावून बघितलं. आतल्या दोन पितळी झडपा उघडल्या, पण उभ्या झाल्या नाहीत. तिरक्याच थांबल्या. पाऊण दार उघडं.

‘‘खाली काय आहे?’’ त्याने विचारलं.

खाली सतरंजी होती. सोलापूरची, निळ्या-लाल पट्ट्यांची, चार घड्या घातलेली. गाडीचं मूळ कार्पेट मूळचंच राहावं म्हणून साडूंनी त्यावर आधी रबरी मॅट घातली होती आणि मॅट खराब होऊ नये म्हणून तिच्यावर सतरंजी. सोफ्याला कव्हर, कव्हरला नॅपकिन, रिमोटला प्लॅस्टिक हे ज्या घरातले संस्कार, तिथे कार्पेट उघडं कसं टाकणार? पेडल पूर्ण खाली जातच नव्हतं. दीड वर्षं ही गाडी पाऊण पायावर चालली होती, आणि सभा तिला अंडी-दूध चारायच्या गोष्टी करत होती.

पोराने सतरंजी काढली, मॅट काढली. गाडी पुन्हा गरजली. १२१.

बारा घोडे. खर्च शून्य. या हिशेबाने मी तर खूष झालो. खर्चाला घोड्यांनी भागायचा जो तक्ता मी पावत्यांमागे करत आलो होतो, त्यात एवढा उत्तम व्यवहार दुसरा नव्हता. पण परतीच्या वाटेवर गाडीत सुतक होतं. साडू बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘भाऊ, दाढीवाल्याला सांगू नका.’’ सतरंजी काढून वाढवलेली ताकद ही ताकद नव्हे. तिला पार्ट नंबर नाही, खोकं नाही, कूरियरवाल्याची वाट बघणं नाही. घरी मेहुणीने सतरंजी झटकली, धुवायला टाकली आणि म्हणाली, ‘‘बारा घोडे इथे होते होय? मला वाटलं धूळच आहे.’’

ऑगस्टचा तिसरा शनिवार आला. वुडवर्ड ॲव्हेन्यू हा डेट्रॉइटमधून उत्तरेला निघणारा रुंद रस्ता. १९०९ साली याच रस्त्याचा एक मैल काँक्रीटचा करून बघितला होता. साठच्या दशकात पोरं इथे रात्री सिग्नल ते सिग्नल शर्यती लावत, आणि कंपन्यांचे इंजिनिअरही नव्या गाड्या घेऊन गुपचूप त्यांत सामील होत. १९९५पासून त्या आठवणीची जत्रा भरते. फर्न्डेलपासून पाँटियाक गावापर्यंत हजारो जुन्या गाड्या, आणि फुटपाथवर घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली माणसं. पालखी बघायला फर्ग्युसन रस्त्यावर बसतात तशी, फक्त इथे सावलीला तंबू आणि हातात थंड बाटली.

आणि वेग? पालखीचाच. चारशे, पाचशे, सहाशे घोड्यांच्या गाड्या एकमेकींच्या शेपटीला तोंड लावून ताशी आठ मैलांनी सरकत होत्या. आमच्या डाव्या हाताला १९७० सालची शेव्हेल, ४५४ घनइंचांची, बोनेटवर पट्टे. तिच्या मालकाचा एक डोळा रस्त्यावर आणि दुसरा तापमानाच्या काट्यावर होता. दहा मिनिटांनी ती बाजूला लागली, बोनेट वर, आतून वाफ. पुढे एक मस्टँग तशीच. पुढे आणखी एक. आमची मालिबू आपली पहिल्या गिअरमध्ये, बँकेतल्या कारकुनासारखी, दुपारच्या डब्याच्या वेळेपर्यंत एकाच चालीने चालली होती. मी खिडकीबाहेर कोपर काढून बसलो होतो. मला वाटलं, आता साडूंना पटलं असेल.

साडू ऐकत होते. बाजूला लागलेल्या शेव्हेलचं इंजिन अजून बंद केलेलं नव्हतं. वाफेतून येत होतं : धड्-धड्... धडक्... धड्-धड्-धडक्. त्यांनी खिडकी पूर्ण खाली केली.

सप्टेंबरात आम्ही पुण्याला परतलो. विमानतळावर निघताना साडूंनी ती सगळी पावत्यांची गणितं माझ्याकडून मागून घेतली, जपून पाकिटात ठेवली. मला बरं वाटलं. ७५०चा कार्बोरेटर आमच्या पाठोपाठ आठ दिवसांत आला, असं मेहुणीने नंतर बायकोला कळवलं. गाडी लिफ्टवर चढवली तेव्हा तिथल्या मिस्त्रीने शाफ्टवरची लाल खूण पाहून, तेल कुठून गळतंय म्हणून अर्धा तास शोधलं, असंही.

ऑक्टोबरात एका रात्री फोन वाजला. साडेतीन वाजले होते. तिकडे संध्याकाळचे सहा, सभेची वेळ. मी घाबरून उचलला. इतक्या रात्रीचा फोन म्हणजे वाईटच काहीतरी.

‘‘भाऊ, काही बोलू नका. फक्त ऐका,’’ साडू म्हणाले, आणि त्यांनी फोन कशाजवळ तरी धरला असावा. मी अंधारात बसून ऐकत राहिलो. शेजारी बायको कूस वळली. डोळे न उघडताच म्हणाली, ‘‘गिरणी लवकर सुरू झाली वाटतं आज. बाजरीचं दळण राहिलंय, सकाळी टाकून या.’’